किमान रकमेचा सापळा

भंडारदऱ्याचा धंदा हंगामाचा. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यात पर्यटक येतात, गल्ला भरतो; एरवी दुकानदार गिऱ्हाइकाची वाट पाहतो. क्रेडिट कार्डाचे बिल मात्र दरमहा येते. कार्डावर दुकानात माल भरणाऱ्या बांधवांना आम्ही कापड व्यापारी एकच सांगू इच्छितो : बिलावर छापलेली 'किमान रक्कम' ही सवलत नव्हे.

हिशेब पाहा. २०,००० रुपये थकले आणि महिना साडेतीन टक्के व्याज धरले तर ७०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटीचे १२६. किमान म्हणून १,००० भरले, तर मुद्दल फिटले अवघे १७४! शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. रोख काढली तर व्याज त्याच दिवसापासून. ज्याला सूद टाळायचे आहे, त्याने पूर्ण बिल मुदतीत भरावे. दुसरा मार्ग नाही.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बिलाचे चक्र बदलून मागता येते. ते आपल्या वसुलीशी जुळवून घ्यावे. मुदतीच्या आत विकला जाईल तेवढाच माल कार्डावर उचलावा. बाकीच्या मालासाठी घाऊक व्यापाऱ्याशी मोकळेपणाने मुदत बोलावी. कार्ड ही महिन्याची उधारी आहे, भांडवल नव्हे.