शाळेचा आणा आणि शाळेचा धनी

खेड्यातील शाळेचा पट घसरला की ती चालविणे परवडते काय, हा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार महाराष्ट्रात २०२३ साली पुढे आला, तेव्हाही चर्चेचा सूर हाच होता. शाळा ही सरकारने खेड्यावर केलेली मेहेरबानी असून तिचा खर्च डोईजड झाल्यास ती आवरती घेण्यास सरकार मुखत्यार आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची परीक्षा करावयाची तर गावच्या शाळेचा पहिला पैसा कोणाच्या पदरातून आला, हे पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने इंग्रजी अमलातील खानदेश जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे.

खानदेश १८१८ साली कंपनी सरकारच्या ताब्यात आला. पुढील अर्धशतकात पडीक जमीन लागवडीखाली आली, १८६० च्या दशकात आगगाडी भुसावळपर्यंत पोहोचली आणि त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला. १८७२ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या १० लाखांच्या थोडी वर होती. १९०१ मध्ये ती १४ लाखांवर गेली. १९०६ साली पूर्व व पश्चिम खानदेश असे जिल्ह्याचे दोन भाग करावे लागले. वाढत्या जिल्ह्याला रस्ते हवे होते, तशाच शाळाही हव्या होत्या. प्रश्न होता तो पैशाचा.

चार पैंची तरतूद

१८५४ च्या वुडच्या खलित्याने सामान्य जनतेच्या शिक्षणाची जबाबदारी तत्त्वतः मान्य केली होती. परंतु तत्त्व मान्य करणे निराळे आणि तिजोरी उघडणे निराळे. प्रारंभी मुंबई इलाख्यात गावाने वर्गणी काढावी, जागा द्यावी आणि मग सरकारने हातभार लावावा, अशी पद्धत अवलंबिली गेली. ती टिकली नाही. वर्गणी सुगीत मिळे आणि टंचाईत आटे. शिवाय जेथे वर्गणी देण्याची ऐपत नाही, तेथेच शाळेची गरज अधिक, ही अडचण होतीच.

म्हणून १८६३ साली, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल करण्याची पद्धत सुरू झाली आणि १८६९ च्या कायद्याने तिला पक्के अधिष्ठान मिळाले. हाच तो लोकल फंड. त्यातील दोन हिस्से रस्त्यांसाठी आणि एक हिस्सा शिक्षणासाठी, अशी वाटणी होती. म्हणजे रयतेने एक रुपया सारा भरला की त्यावर आठ पै रस्त्याला आणि चार पै शाळेला. ज्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या रेल्वेकडे जात होत्या, त्यांचा वाटा शाळेच्या दुप्पट होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

या व्यवस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. वर्गणीच्या लहरीवर लोंबकळणाऱ्या शाळांना तिने ठरावीक उत्पन्न दिले आणि गावोगावी शाळा उघडल्या त्या प्रामुख्याने याच पैशाच्या बळावर. तथापि तिच्यात दोन मूलभूत दोष होते आणि ते दोन्ही आजच्या वाचकास ओळखीचे वाटतील.

पहिला दोष असा, की पैसा देणारा एक, शाळेत बसणारा दुसरा आणि निर्णय घेणारा तिसराच होता. आणा भरला शेतकऱ्याने. शाळा मात्र प्रथम कसब्याच्या व मोठ्या गावी निघाली. तेथे तिचा लाभ ज्यांना लेखणीवर पोट भरावयाचे होते, अशा कुलकर्णी, कारकून आणि व्यापारी घरांना अधिक झाला. नांगरटीच्या वा गुरे राखण्याच्या कामातून मूल मोकळे करणे हीच शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी फी होती. ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नसे. शाळा कोठे काढावी, पंतोजींना काय पगार द्यावा, हे ठरविणे मात्र कलेक्टर आणि शिक्षण खात्याचे अधिकारी यांच्या हाती होते.

महात्मा जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न मुख्यतः रयतेच्या श्रमातून येते आणि ते खर्च होते वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर, ही विसंगती त्यांनी दाखविली. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शेतकरी वर्गातून घडवावेत आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी असू नये, असे त्यांनी सुचविले. महार-मांगांच्या मुलांना इतर मुलांबरोबर बसू दिले जात नसल्याने ती व्यवहारात शाळेबाहेरच राहतात, हेही त्यांनी निक्षून सांगितले. ही केवळ दयेची याचना नव्हती. कर भरणाऱ्याने मागितलेला तो हिशेब होता.

न वाढणारा पाया

दुसरा दोष अर्थशास्त्रीय आहे आणि त्याची चर्चा कमी होते. लोकल फंड शेतसाऱ्याला जोडलेला होता आणि सारा भूमापनानुसार सामान्यतः ३० वर्षांसाठी ठरत असे. लोकसंख्या वाढली, बाजारपेठा फुगल्या, जळगाव-धुळ्याकडे सरकी काढण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे कारखाने निघाले. परंतु या नव्या संपत्तीचा शाळेच्या चार पैंशी काही संबंध नव्हता. कापसाचा दलाल आणि सावकार यांच्या नफ्यावर लोकल फंड बसत नसे. तो बसे जमिनीवर. दुष्काळात सारा तहकूब वा माफ झाला की त्याबरोबर शाळेचे उत्पन्नही आटणार, हे ओघाने आलेच. वाढत्या जिल्ह्याच्या शाळा अशा रीतीने न वाढणाऱ्या पायावर उभ्या केल्या गेल्या.

हंटर कमिशनने यातील काही उणिवा ओळखल्या. खेड्यांचा पैसा शहरांतील शाळांवर खर्च होऊ नये यासाठी दोहोंचे निधी वेगळे ठेवावेत आणि प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे द्याव्यात, अशा शिफारशी झाल्या. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डांत निवडून दिलेल्या सभासदांना काही स्थान मिळाले. परंतु जबाबदारी जितक्या तत्परतेने खाली आली, तितक्या तत्परतेने पैसा आला नाही. नामदार गोखले यांनी १९११ साली मांडलेल्या विधेयकात सक्तीच्या शिक्षणाच्या खर्चापैकी दोन हिस्से सरकारने आणि एक हिस्सा स्थानिक संस्थांनी सोसावा, अशी कल्पना होती. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैशाची सबब खरी मानावी तर बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण कसे सुरू केले, याचा उलगडा होत नाही. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनीही तेच पाऊल उचलले. तेव्हा उणीव पैशाची होती त्याहून अधिक अग्रक्रमाची होती.

या उणिवेची किंमत आकड्यांत मांडणे कठीण आहे. परंतु खानदेशातच तिचे एक बोलके उदाहरण आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी शेतकरी कुटुंबात झाला. तेव्हा रयत शाळेचा आणा भरू लागून १७ वर्षे झाली होती. त्या अखेरपर्यंत निरक्षर राहिल्या. त्यांच्या ओठांवरची कविता इतरांनी लिहून ठेवली म्हणून वाचली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. टिपून घेणारे कोणी घरात नव्हते, अशा किती घरांतील शब्द मातीत मिळाले, हे कोणता ताळेबंद सांगणार?

आणा गेला, उपकर आला

आज लोकल बोर्ड इतिहासजमा झाले आहे. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २०१० पासून त्याचा कायदा अंमलात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे तो कायदा सांगतो. फुले यांच्या काळच्या शेतकऱ्याला जे स्थान नव्हते ते कागदावर तरी मिळाले आहे. परंतु शिक्षकांची पदे, इमारती आणि शाळा ठेवणे-मिटविणे यांचे निर्णय अजून वरच होतात.

कराची गोष्टही मजेदार आहे. १८६३ च्या आण्यातील शाळेचा वाटा साऱ्याच्या सुमारे २ टक्के होता. २००४ साली केंद्र सरकारने करांवर शिक्षण उपकर बसविला तोही २ टक्केच होता! २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून तो ४ टक्के झाला आहे. उपकर हा नेहमीच्या अंदाजपत्रकाला जोड म्हणून असावा. तो त्याची जागा घेऊ लागला तर शिक्षण हे राज्याच्या मूळ कर्तव्यांतून निसटून वरकड खर्चात जमा होते. खानदेशच्या चार पैंचा धडा हाच आहे.

मेहेरबानी परत घेता येते. विकत घेतलेली वस्तू तशी काढून घेता येत नाही. लहान गावची शाळा दूरच्या शाळेत विलीन करावयाची असेल, तर आधी गावापुढे हिशेब मांडावा, मुलींच्या जाण्यायेण्याची हमी द्यावी आणि पालक समितीचा कौल बंधनकारक मानावा. शाळेचा आणा ज्यांनी भरला, त्यांच्या पणतवंडांना निदान एवढे विचारले जाणे हा उपकार नव्हे. ती जुन्या देण्याची फेड आहे.