पहिले औषध ॲड्रेनलिन



१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांना कोविडची लस मिळू लागली. लस टोचून झाल्यावर आपणांस अर्धा तास तेथेच बसवून ठेवले होते, हे अनेकांना आठवत असेल. लशीमुळे क्वचित एखाद्याला होणारी तीव्र ॲलर्जी बहुधा पहिल्या काही मिनिटांतच प्रकट होते, म्हणून तो अर्धा तास. तशी वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून लसीकरणाच्या जागी एक छोटी पेटी ठेवलेली असे. तिच्यातील सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ॲड्रेनलिनची कुपी. आज तिच्याविषयी.

तीव्र ॲलर्जीला वैद्यकशास्त्रात ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. मधमाशीचा वा गांधीलमाशीचा दंश, शेंगदाणे, मासे, कोळंबी यांसारखे पदार्थ, वेदनाशामक औषधे आणि प्रतिजैविके ही तिची नेहमीची कारणे. अशा वेळी शरीरातील संरक्षक पेशी हिस्टामिनसारखी रसायने एकाएकी बाहेर सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडून पाझरू लागतात व रक्तदाब घसरतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळल्या जातात. ॲड्रेनलिन या तिन्हींवर एकाच वेळी काम करते. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करील, स्टिरॉइडचे इंजेक्शन काही तासांनी उपयोगी पडेल. परंतु घसरलेला रक्तदाब त्यांनी सावरत नाही. ही औषधे नंतरची.

वेळ किती असतो? अशा मृत्यूंचा एक अभ्यास २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला. हृदय वा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ औषधांच्या बाबतीत ५ मिनिटे, दंशाच्या बाबतीत १५ आणि अन्नाच्या बाबतीत ३० मिनिटे आढळला. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले तालुक्यातील डोंगरवस्तीत आग्या मोहोळ उठले, तर १५ मिनिटांत मोठे रुग्णालय गाठणे कठीणच. म्हणून लक्षणे ओळखणे आणि जवळात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे किंवा डॉक्टरकडे धाव घेणे, हे घरच्यांच्या हाती आहे.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणतात आणि आमसुलाचे पाणी किंवा गेरू लावतात. नुसत्या गांधी असतील तर त्याने अपाय नाही. परंतु त्यांच्या जोडीला आवाज बसणे, जीभ वा ओठ सुजणे, धाप लागणे, छातीत घरघर, वारंवार उलटी, घेरी यांपैकी काहीही दिसले, तर ते नेहमीचे पित्त नव्हे. वृद्धांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. प्रत्येक वेळी पुरळ दिसतेच असे नाही. दंशानंतर किंवा नव्या औषधानंतर आजोबा एकाएकी गळून खाली बसले, असंबद्ध बोलू लागले, तरी हीच शंका प्रथम घ्यावी.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत. दम लागत असल्यास टेकून बसू द्यावे. बरे वाटते म्हणून त्याला उभे करू नये, चालवू नये. रक्तदाब घसरलेला असताना एकदम उठल्याने प्राणावर बेतू शकते.

‘आईला हृदयविकार आहे, हे इंजेक्शन तिला सोसेल का?’ हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. छातीत धडधड, हाताला कंप, डोकेदुखी हे परिणाम थोडा वेळ होतात, आणि हृदयरुग्णावर अधिक लक्ष ठेवावे लागते. परंतु जीवघेण्या ॲलर्जीत वय किंवा हृदयविकार हे ॲड्रेनलिन नाकारण्याचे कारण ठरत नाही. घसरलेला रक्तदाब त्याच हृदयाला अधिक घातक असतो. मोठा धोका चुकीच्या मात्रेचा आणि ते थेट शिरेत दिले जाण्याचा आहे. योग्य जागा एकच, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूचा स्नायू. प्रौढांसाठी मात्रा सामान्यतः अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम औषध असलेल्या कुपीतील अर्धा मिलिलिटर. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते. पाच मिनिटांत आराम न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी लागते.

परदेशात अशा रुग्णांजवळ तयार मात्रेचे पेन असते. आपल्या औषधदुकानांत ते सहज मिळत नाही. ज्यांना पूर्वी एकदा असा झटका येऊन गेला आहे, त्यांनी कुपी घरी ठेवावी का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. त्यांनी होकार दिला, तर कुपी फोडणे, औषध ओढणे आणि टोचणे हे घरातील दोघांनी तरी त्यांच्यासमोर शिकून घ्यावे. घरात मधुमेहाची सिरिंज असते म्हणून ती वापरू नये. तिची सुई आखूड असते आणि तिच्यावरील खुणा इन्शुलिनच्या युनिटच्या असतात. कुपी उन्हापासून व उष्णतेपासून दूर, तिच्या खोक्यातच ठेवावी. औषध तपकिरी किंवा गढूळ दिसले, मुदत संपली, तर ते बदलावे.

इंजेक्शनने बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. काही रुग्णांत लक्षणे काही तासांनी पुन्हा उलटतात, म्हणून देखरेखीखाली राहणे आवश्यक असते.

शेवटी एक काम, जे आजच करता येईल. आपल्याला कोणत्या औषधाची, अन्नाची वा दंशाची ॲलर्जी आहे आणि सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवावे. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत ॲड्रेनलिनचा परिणाम कमी पडू शकतो. त्या स्वतःहून बंद करू नयेत. पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते पहिल्या मिनिटाला कळले, तर त्यांना पुढची तयारी करता येते. ज्यांना स्वतः लिहिणे जमत नाही, त्यांची चिठ्ठी नातवंडांनी लिहावी आणि गोळ्या बदलतील तेव्हा तीही बदलावी.