टक्के नकोत, लिटर सांगा

मंगळवेढ्यात ज्वारीची मळणी सुरू झाली की धूळ आणि भुसकट घराघरांत शिरतं. त्या दिवसांत खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. चाळिशीतच दोन पावलांवर धाप लागणाऱ्याचं उत्तरही ठरलेलं, ‘आमच्या घराण्यातच दमा हाय.’ डॉक्टरांनी हे हसून सोडू नये.

कारण फुप्फुसाची झीज खरोखर वारशाने येऊ शकते. यकृतात तयार होणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन फुप्फुसाच्या जाळीला आपल्याच पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून वाचवतं. ते जन्मतःच कमी असलं की वायुकोश झिजत जातात, विडी ओढणाऱ्याचे तर फार लवकर. स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ साली हा दोष दाखवून दिला. आपल्याकडे तो विरळा. तरी सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या आजाराच्या, प्रत्येक रुग्णाचं रक्त त्यासाठी एकदा तपासावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मला ते पटतं.

खरा घोळ त्यापुढचा. फुप्फुसाची ताकद मोजायला माणूस सोलापूर गाठतो, नाकाला चिमटा लावून फुंकतो, तंत्रज्ञ ‘अजून, अजून, सोडू नका’ म्हणून ओरडतो, आणि घरी येताना लक्षात राहतं फक्त ‘६२ टक्के’. कशाचे टक्के? त्याच वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाबद्दलच्या अंदाजाचे. अंदाजाची सूत्रं अनेक. २०१२च्या जागतिक सूत्रांत तर भारतीय उपखंडाची पुरेशी आकडेवारीच नव्हती. सूत्र बदललं की फुप्फुस तेच, टक्के वेगळे.

म्हणून पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा लिटरमध्ये लिहून ठेवा. निरोगी प्रौढाची ती वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटते. आता गंमत बघा, एकाच बैठकीतल्या दोन चांगल्या फुंकांतही १५० मिलिलिटरपर्यंतचा फरक चालवून घेतात! मग एका वर्षाच्या फरकावरून ‘ढासळलं’ किंवा ‘सुधारलं’ म्हणणाऱ्याचं काय ऐकायचं? चार-पाच वर्षांचे आकडे हवेत; शक्यतो त्याच मशीनवरचे, दरवेळी श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप घेऊन पंधरा मिनिटांनी काढलेले. आणि मळणीच्या खोकल्यात तर मुळीच नको.

रक्तात अल्फा-१चा दोष सापडला तर भावंडांचंही रक्त तपासा. ज्याच्यात तो निघेल त्याचा पहिला आकडा धाप लागण्याआधीच हाती हवा. गेलेलं फुप्फुस औषधाने परत येत नाही, विडी मात्र आजही सुटू शकते.

छोट्या मशीनचा रिपोर्ट बऱ्याचदा थर्मल कागदावर येतो आणि पत्र्याच्या पेटीत, उन्हाळ्याच्या तावात, पुसट होतो. त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढा.