सुटलात एकदाचे!

नागपुरात मे महिन्यात कुणी नवा एसी घेतला, तर त्याचं अभिनंदन होत नाही. लोक म्हणतात, ‘सुटलात एकदाचे!’ आम्हीही यंदा सुटलो. जुना विंडो एसी 2008 सालचा. अलीकडे तो थंडावा कमी आणि आवाज जास्त द्यायचा. सुरू झाला की घरातले दिवे क्षणभर मंद व्हायचे, खिडकीची चौकट थरथरायची. ती थरथरू नये म्हणून एका बाजूला लाकडी गुटका आणि दुसऱ्या बाजूला रबरी चपलेचा तुकडा खोचलेला. खाली बादली. उन्हाळ्याच्या तोंडावर गॅस भरायचा आणि नवतपा लागेपर्यंत तो गेलेला असायचा. ‘गॅस संपला’ असं आपण म्हणतो, पण तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांतून नुसता फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. आमची गळती कुणाला सापडली नाही, आणि शेवटी ती शोधायची गरजही उरली नाही. मेकॅनिकनं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, ‘कॉम्प्रेसरच बसला ना काकू. आता याच्यात पैसे लावून काही मतलब नाही.’

बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्याकडे तर कूलर असतात ना? असतात, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोललेलं मी ऐकून घेत नाही. आमची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की ताट्यांवरून पाणी सोडलं आणि मागून पंखा फिरवला की खोली गार होते. शिवाय वाळ्याचा वास फुकट. एप्रिलभर कूलरसारखं सुख नाही. पण मेच्या अखेरीस आभाळ भरून येऊ लागतं, हवेत ओल चढते, मग पाणी सुकेना आणि कूलर नुसता चिकचिकाट फेकू लागतो. त्यात आमचं घर वरच्या मजल्यावर. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री सगळी ऊब खोलीत सोडतो. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंशांची नोंद झाली होती, ती अजून प्रत्येकाला तोंडपाठ आहे. (2024 च्या मेअखेरीस एका स्वयंचलित केंद्रानं चक्क 56 दाखवले आणि गावभर खळबळ उडाली. हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं, तेव्हा काही जण चक्क हिरमुसले.)

आमच्या आबांनी ऐंशी ओलांडली आहे. या वयात घाम नीट येत नाही, तहान लागलेली कळत नाही, आणि रात्रीही अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन बाधतं. सकाळच्या चहाबरोबर ते आम्हाला रात्रीचं बातमीपत्र देतात : लाइट किती वेळा गेली, कोणत्या गल्लीतली कुत्री भांडली, शेजारच्यांची मोटारसायकल किती वाजता आली. नवा एसी बसल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा घेतला, पेपर उघडला आणि काहीच सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही त्यांनी ऐकलंच नव्हतं. पैसे वसूल झाले ते मला तिथंच कळलं.

तर आभार. कुणाचे मानायचे, याची माझ्याकडे एक यादी तयार होती. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरचं नाव त्यात पहिलं होतं. 1902 मध्ये त्यानं आधुनिक एसीचा पहिला आराखडा केला, तोही माणसांसाठी नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. कागदाची सोय पाहता पाहता माणसाची झाली, हे वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या बाईला आवडणारच. पण ज्या दुपारी एसी बसला, त्या दुपारी हा कॅरियर यादीत बराच खाली गेला.

फिटिंगला दोन मुलं आली ती दुपारी एकच्या सुमारास. बाहेर 44 अंश. आउटडोअर युनिट बसायचं पश्चिमेच्या भिंतीवर. एकानं कमरेला दोर बांधला, दुसऱ्यानं तो खिडकीच्या ग्रिलला दोनदा गुंडाळला, आणि पहिला छज्ज्यावर उतरला. छज्जा जेमतेम दीड फूट रुंद. लोखंडी ब्रॅकेट इतका तापलेला की ओल्या फडक्यानं धरावा लागत होता. आत आल्यावर त्यानं तांब्याच्या नळीचं तोंड फुलवलं, नट आवळला, पंप लावून नळीतली हवा ओढून घेतली, आणि मग प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते बघत बसला. हा फेस मी निवांत पाहिला, कारण आमच्या जुन्या यंत्राला सगळी वर्षं याच बुडबुड्यानं छळलं होतं. आता बुडबुडा आला नाही. मुलानं तरी आणखी पाच मिनिटं वाट पाहिली. घाई करायला त्याच्याकडे कारणं पुष्कळ होती. त्या दिवशी आणखी चार घरं बाकी होती.

यंत्राचं तोंड आधी शेजारच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे येत होतं. एसी उष्णता नष्ट करत नाही, बाहेर नेऊन टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की खोलीतली साधारण पाच किलोवॅट उष्णता उचलतो आणि स्वतः खाल्लेली वीजही उष्णता करून तिच्यात मिसळतो. ती सगळी पोळ्या लाटणाऱ्या शेजारीणबाईंच्या तोंडावर सोडून वर त्यांनाच पेढे द्यायचे, हे काही बरं दिसलं नसतं. नळी लांबवावी लागली, तिचे फुटाप्रमाणे पैसे पडले, युनिट पुढच्या कोपऱ्यावर गेलं. मुलगा पुन्हा छज्ज्यावर उतरला, कुरकुर न करता.

एसी सुरू झाला. नवीन एसी हल्ली सुरुवातीलाच 24 वर येतात, 2020 पासून तसा नियमच आहे. मी मुलांना म्हटलं, जरा बसा, गार व्हा, मग जा. दोर ग्रिलला गुंडाळणारा बसला. छज्ज्यावर उतरलेला मात्र दाराबाहेर जिन्यातच उभा राहिला. ‘नाही काकू. आत बसून निघालो की ऊन लागते. घरी पण मी कूलरच्या समोर नाही झोपत.’ उन्हाची सवय अंगाला हळूहळू होते आणि गारव्यात ती मोडते, हे डॉक्टर सांगतातच. याला ते कामानं शिकवलं होतं. जिन्यातच त्यानं दोन तांबे पाणी आणि कैरीचं पन्हं घेतलं, फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवायला बजावलं आणि पुढच्या घरी गेला.

जुना एसी भंगारवाल्यानं नेला. त्याचा सगळा जीव आतल्या तांब्यात होता. दुकानाच्या एक्स्चेंजपेक्षा त्यानं जास्त दिले. आता चाललाय तो तापमानाचा तंटा : आबांना 27 हवं, नातवाला 20. वीजबिलापायी मी आबांच्या बाजूनं आहे.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या फ्लॅटमध्येही एसी आला. मी त्यांना म्हटलं, दुकानात सांगा, फिटिंगला माणसं सकाळी पाठवा, उन्हाच्या आत. त्यांनी सांगितलं. दुकानदार म्हणाला, ‘सकाळी तर पोरं मोकळीच असतात हो. लोकच म्हणतात, एवढ्या लवकर नका पाठवू, झोपमोड होते.’ त्यांनी सातची वेळ घेतली. साडेनऊला काम उरकलं होतं, आणि पोरं आमच्याकडे तर्री-पोहे खाऊन गेली.