सुनेच्या तासाचा भाव



आपल्या इतवारीत प्रत्येक कामाला दर आहे. गोणी उचलली की हमाली, सौदा जुळवला की दलाली, माल तोलला की तोलाई. हमालांच्या मजुरीला संरक्षण मिळावं म्हणून महाराष्ट्रात 1969 साली माथाडी कायदा झाला. "तू तर आपलाच, आज फुकट उचल" असं हमालाला कुणी म्हणत नाही. मग दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला आणि तो सुरू करायला आपल्याच ओळखीतली सून किंवा लेक आली, की ही रीत कुठे जाते?

आमची सून कॉम्प्युटर शिकलेली. मूल झाल्यावर नोकरी सोडली, आता आसपासच्या दुकानांचे कॉम्प्युटर, प्रिंटर आणि टॅली सांभाळते. दर ठरवायला बसली तेव्हा मीही शेजारी बसले. बी.कॉम. होऊन चाळीस वर्षं पोळ्या लाटल्या तरी कॉस्टिंग विसरत नाही.

तिचा हिशेब सरळ होता. महिन्याला 30 हजार मिळावेत. 25 दिवस, रोज 6 तास, म्हणजे 150 तास. भागाकार केला, तासाला 200 रुपये. बहुतेक मुली इथेच थांबतात आणि वर्षभराने म्हणतात, राबतो खूप पण हातात काही उरत नाही. उरणार कसं? पेट्रोल, इंटरनेट, फोन, स्क्रू ड्रायव्हरपासून हार्ड डिस्कच्या केबलपर्यंत सगळं सामान, आजारपणाचा विमा, आणि लॅपटॉपचा घसारा. 60 हजारांचा लॅपटॉप चार वर्षं चालला तर महिन्याला 1,250 रुपये तिथेच गेले. सगळं मिळून आमच्याकडे 8 हजार निघाले. म्हणजे जमवायचे 38 हजार.

आता तास बघा. शहीद चौकातल्या गर्दीतून गाडी काढायची, लावायला जागा शोधायची. बर्डीवर जाऊन पार्ट आणायचा. "एकच मिनिट विचारतो हं" म्हणून आलेला अर्ध्या तासाचा फोन. बिल करणं, मग त्याच बिलासाठी तीन चकरा. हे सगळे कामाचेच तास, पण बिलात कुणाच्या लिहिणार? 150 पैकी 75 तास बिलात आले तरी नशीब समजा. 38 हजार भागिले 75, झाले 507 रुपये. दोनशेच्या अडीचपट! आणि यात चैन एका पैशाची नाही.

पाचशे ऐकून दुकानदार भुवया उंचावतात. पण 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि दुकानाचा गळा कॉम्प्युटरला बांधला गेला. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला 3बी भरायचं असतं, आणि कॉम्प्युटर नेमका 10 किंवा 19 तारखेच्या रात्री रुसतो. त्या रात्री नऊनंतर बोलावलं तर दीडपट घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त ते आधी सांगितलेलं असावं. अडलेल्याला पाहून भाव चढवणं वेगळं आणि ठरलेला रात्रीचा दर वेगळा.

नुसत्या तासावर सगळं सोडणंही मला पटत नाही. हुशार मुलगी दहा मिनिटांत बिघाड काढते, शिकाऊ दोन तास लावतो. मग हुशारीलाच दंड? म्हणून घरी किंवा दुकानात गेलं की किमान एक तास धरायचा, पुढे पंधरा-पंधरा मिनिटांनी. विंडोज नव्याने टाकणं, प्रिंटर जोडणं अशा माहितीच्या कामांना ठोक रक्कम सांगावी. नक्की काय बिघडलंय हेच कळत नसेल तेव्हाच तास मोजावेत.

आणि मोजावेत खरे. कमी-जास्त माप हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तासच माप आहे. डेटा कॉपी होताना मशीन दोन तास चालते आणि आपण घरी येऊन भाजी निवडतो, ते तास बिलात नकोत. काहींची युक्ती अशी की दर कमी सांगायचा आणि पार्टवर मारायचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, तेव्हापासून "मशीनच बदला" हे सांगणं फार सोपं झालंय. कधी ते खरंही असतं, जुन्या मशीनवर 11 बसत नाही. पण पार्टचं मूळ बिल गिऱ्हाइकाच्या हातात द्यावं, मग 507 रुपये मागायला मान खाली घालावी लागत नाही.

आता आपल्याबद्दल बोलते, सख्यांनो. दर पाडण्यात दुकानदारांपेक्षा आपला हात मोठा. हळदीकुंकवाला कुणी म्हणतं, लॅपटॉप चालत नाही, आणि सासूबाई लगेच, "पाठवा ना, आमची सून बघून देईल." वेळ कुणाचा, कबूल कोण करतंय? पाठशाळेचा कॉम्प्युटर आमची सून विनामूल्य बघते. तो तिचा निर्णय, तिचं दान. सासूने सुनेच्या तासांतून केलेल्या दानाचं पुण्य कुणाच्या खाती जमा होतं, हे मला कुठल्याही लेजरमध्ये सापडलेलं नाही!

राहिली उधारी. इतवारी उधारीवर चालते हे मान्य, पण मुदत हवी. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर होते, फुकट होते. ती असली की 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. शिवाय अशा छोट्या उद्योगाचं बिल मुदतीनंतर चुकवलं, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. हे वाक्य दुकानदाराला नको, त्याच्या सीएला ऐकवा. जीएसटी नोंदणीची घाई मात्र नको. सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे ती लागत नाही. आमच्या सुनेच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असतो, आणि त्याखाली पैसे देण्याची शेवटची तारीख, जरा मोठ्या अक्षरात.