प्रश्नमंजूषेचा अलिखित अभ्यासक्रम

‘कौन बनेगा करोडपती’चा पहिला भाग ३ जुलै २००० रोजी प्रसारित झाला. त्यानंतर वाहिनी बदलली, बक्षिसाची रक्कम १ कोटीवरून ७ कोटींवर गेली, जिंकणाऱ्यांची नावे घराघरांत पोहोचली. मात्र प्रत्येक पर्वाआधी हजारो घरांत विचारला जाणारा एक प्रश्न तसाच राहिला आहे. या खेळासाठी नेमका अभ्यास कशाचा करायचा? सामान्यज्ञानाला कुंपण नाही, पाठ्यपुस्तक नाही आणि कोणत्या प्रकरणावर किती गुण हे सांगणारी गुणविभागणीही नाही. तरीही काही स्पर्धक तयारीनिशी येतात आणि त्यांची तयारी फळाला येते. याचा अर्थ अभ्यासक्रम आहे. तो फक्त लिहिलेला नाही.

हा अलिखित अभ्यासक्रम शास्त्रशुद्ध पद्धतीने शोधून काढण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथील ‘जेपर्डी!’ या कार्यक्रमात प्रत्येक भागात सहा-सहा विषयांच्या दोन फेऱ्या होतात आणि शेवटी एक निर्णायक प्रश्न विचारला जातो. उत्तरासाठी पर्याय नसतात. आठवण्यावरच सारे अवलंबून. या कार्यक्रमाच्या चाहत्यांनी जुने प्रश्न संगणकावर जमवण्याचे काम वर्षानुवर्षे केले असून हा संग्रह आज काही लाखांच्या घरात गेला आहे. संगणकशास्त्राचे उच्चशिक्षण घेणारे रॉजर क्रेग यांनी या संग्रहाची विषयवार गटवारी केली. कोणता विषय किती वेळा येतो, तो जास्त मोलाच्या प्रश्नांत येतो की कमी मोलाच्या, आणि त्यात आपण स्वतः किती कच्चे आहोत, अशा तीन कसोट्या त्यांनी लावल्या. सप्टेंबर २०१०मध्ये त्यांनी एका दिवसात ७७ हजार डॉलर जिंकून केन जेनिंग्ज यांचा ७५ हजारांचा विक्रम मोडला.

क्रेग यांच्या यशाचे मर्म स्मरणशक्तीइतकेच निवडीत होते. जो विषय वारंवार येतो पण आपल्याला पाठच आहे, त्यावर घालवलेला तास वाया जातो. जो विषय आपल्याला मुळीच येत नाही पण वर्षातून एकदाच विचारला जातो, त्यावर घालवलेला महिनाही वाया जातो. फायदा मधल्या पट्ट्यात असतो. २०१९मध्ये सलग ३२ सामने जिंकणारे जेम्स होल्झाउअर यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ग्रंथालयातील लहान मुलांची पुस्तके वाचून काढली. प्रश्नकर्त्याला विषयाची खोली नको असते, ठळक ओळख हवी असते. आणि ती ओळख थोडक्या शब्दांत, चित्रांसह बालवाङ्मयाइतकी दुसरे कोणी करून देत नाही, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता.

भारतीय स्पर्धकाला ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण खेळाचे नियम निराळे आहेत. येथे चार पर्याय समोर असतात. म्हणजे उत्तर आठवावे लागत नाही, ओळखावे लागते. साहजिकच एका विषयात खोल शिरण्यापेक्षा अनेक विषयांना स्पर्श करून ठेवणे अधिक उपयोगी पडते. दुसरे असे की, हॉट सीटवर पोहोचण्यासाठी आधी ‘फास्टेस्ट फिंगर’ची चाळणी असते. तेथे पारंपरिक पद्धतीने क्रम लावायचा असतो: कोणती घटना आधी, कोणते शहर अधिक उत्तरेला, कोणता चित्रपट नंतरचा. यासाठी सनावळ्या तोंडपाठ नसल्या तरी चालते. पौर्वापर्य मनात पक्के हवे. ज्या अभ्यासकाने इतिहास-भूगोल केवळ सुट्या नोंदींच्या रूपात घोकला आहे, तो येथे अडखळतो.

पुढचा टप्पा शिडीचा. सुरुवातीच्या पायऱ्यांवर चित्रपट, खाद्यपदार्थ, क्रिकेट, म्हणी, सण-उत्सव यांचे राज्य असते. राज्यघटनेची कलमे पाठ असलेला उमेदवार एखाद्या मालिकेतील पात्राच्या नावावर लाइफलाइन खर्च करून बसतो, तो येथेच. मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवर मात्र स्पर्धापरीक्षांचा परिचित प्रदेश सुरू होतो. ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती झाले, तेव्हा ते नागरी सेवा परीक्षेची तयारी करीत होते. त्यांचा १ कोटीचा प्रश्न होता, संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना कोणाला देते? उत्तर होते, महान्यायवादी. राज्यशास्त्राच्या कोणत्याही मार्गदर्शकात ही माहिती सापडते. २०११मध्ये बिहारच्या सुशील कुमार यांना ५ कोटी मिळवून देणारा प्रश्न निकोबार बेटांचे हक्क १८६८मध्ये इंग्रजांना विकणाऱ्या वसाहतवादी सत्तेविषयी होता. उत्तर होते, डेन्मार्क. पोर्तुगीज, डच, फ्रेंच यांच्या पलीकडे युरोपीय सत्तांची यादी पूर्ण वाचलेल्यालाच ते सुचणार. २०२३चे विजेते पंजाबचे जसकरण सिंग आणि २०२४चे विजेते जम्मू-काश्मीरचे चंदर प्रकाश हेही याच परीक्षेच्या तयारीतले. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांत रात्रंदिवस बसणाऱ्या तरुणांना हा क्रम पाहून आशा वाटली, तर ती निराधार म्हणता येणार नाही.

परंतु या प्रदेशालाही सीमा आहे. चंदर प्रकाश यांचा १ कोटीचा प्रश्न असा होता: कोणत्या देशातील सर्वांत मोठे शहर राजधानी नसून बंदर आहे आणि त्याच्या अरबी नावाचा अर्थ ‘शांततेचे निवासस्थान’ असा होतो? उत्तर होते टांझानिया, कारण ते शहर दार-ए-सलाम. भूगोलाचा अभ्यास येथे कामी येतोच. पण ‘दार’ आणि ‘सलाम’ हे शब्द कानावरून गेलेल्या माणसाला अर्धे उत्तर प्रश्नातच मिळते. भाषेची जाण हा कोणत्याही तयारीच्या यादीत नसलेला विषय असा अचानक मोलाचा ठरतो. त्याच्याही वरच्या पायरीवर अभ्यास जवळजवळ हतबल होतो. जसकरण सिंग यांना ७ कोटींसाठी पद्मपुराणातील, हरिणीच्या शापाने शंभर वर्षे वाघ होऊन राहिलेल्या राजाचे नाव विचारले गेले. चंदर प्रकाश यांना विचारले गेले, उत्तर अमेरिकेत १५८७मध्ये इंग्रज आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या, नोंद असलेल्या पहिल्या अपत्याचे नाव. असे प्रश्न अभ्यासक्रमाचा शेवट कोठे होतो, हे दाखवण्यासाठीच जणू ठेवलेले असतात.

तेथे उपयोगी पडते ती थांबण्याची विद्या. अनेक पर्वांत १० हजार आणि ३ लाख २० हजार हे सुरक्षित पडाव होते. ५० लाखांवर उभा असलेला स्पर्धक १ कोटीच्या प्रश्नाला चुकला, तर त्याचे ४६ लाख ८० हजार रुपये जात. हिशेब केला तर उत्तर बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४८ टक्क्यांहून अधिक असेल तरच पुढे जाणे रास्त ठरते. म्हणजे चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले पाहिजेत. अर्धवट ज्ञानाचे मोल येथे कळते. नेमके उत्तर ठाऊक नसले, तरी काय असू शकत नाही हे ठाऊक असणे, हीसुद्धा कमाई आहे. ७ कोटींच्या प्रश्नाला तर गणित चक्क उलटते. सरासरीच्या नियमाने तेथे डोळे मिटून बाण मारणेही फायद्याचे दिसते. पण सरासरी ही हजार वेळा खेळणाऱ्यासाठी असते. आयुष्यात एकदाच त्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी हातातले १ कोटी म्हणजे घर, मुलांचे शिक्षण, कर्जमुक्ती. तो थांबतो आणि ते शहाणपणाचेच असते.

हे सारे गृहीत धरल्यावर एक अवघड प्रश्न उरतो. हा अलिखित अभ्यासक्रम कोणाच्या ज्ञानाला ज्ञान मानतो? २०१९मध्ये अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे १ कोटी जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम त्या महिन्याला दीड हजार रुपयांवर करीत होत्या. २०२२मध्ये कोल्हापूरच्या गृहिणी कविता चावला यांनी तेवढीच रक्कम मिळवली. त्यांचे शिक्षण बारावीपर्यंतचे. पदवी आणि महागडा शिकवणी वर्ग यांच्यावाचून हा किल्ला सर होऊ शकतो, हे या दोघींनी सिद्ध केले. ही या खेळाची खरी लोकशाही. तथापि दोघींनाही जिंकण्यासाठी स्वतःच्या रोजच्या कामाबाहेरचे ज्ञान गोळा करावे लागले. शेकडो मुलांचे अन्न वेळेवर, ठरल्या पैशांत आणि कोणाला बाधा होऊ न देता कसे शिजवायचे, यावर प्रश्न निघत नाही. जमिनीचा पोत, बियाण्याची पारख, विणकाम, मासेमारी हे विषयही कधीतरी, बहुधा चमत्कृती म्हणूनच डोकावतात. घटना, सत्ता, पहिला मान, परदेशी राजधान्या हे सारे सरकारी नोकरीच्या परीक्षेने प्रतिष्ठा दिलेले ज्ञान आहे आणि प्रश्नमंजूषेने ते तसेच स्वीकारले आहे.

मराठीत २०१३पासून या खेळाच्या आवृत्त्या आल्या, तेव्हा प्रश्नांचा नकाशा थोडा सरकला. संत, नद्या, गडकिल्ले, नाट्यसंगीत यांना जागा मिळाली. भाषा बदलली की अभ्यासक्रमही हलतो, हे त्यातून दिसले. तो आणखी हलू शकतो, मात्र त्यासाठी प्रश्न काढणाऱ्यांनी ग्रंथालयासोबत बाजार, शेत आणि कारखानाही धुंडाळला पाहिजे.

इच्छुक स्पर्धकाने काय करावे, हे तोवर स्पष्ट आहे. घटना आणि आधुनिक इतिहास पक्का करावा, घटनांचा क्रम मनात बसवावा, नकाशा रोज पाहावा, वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि घरातील मुलांशी चित्रपट व खेळांवर गप्पा माराव्यात. दिवसाचे काम सांभाळून जेवढे जमेल तेवढेच करावे. कारण या खुर्चीवर बसण्याची संधी लाखांतून एखाद्यालाच मिळते आणि तिच्या भरवशावर नोकरी किंवा परीक्षा सोडणे हा स्वतःच एक चुकलेला पर्याय आहे. खुर्ची मिळाली नाही, तरी वाचलेले वाया जात नाही. नवाथे यांच्यासमोर महान्यायवादी आला, तो एका वेगळ्याच परीक्षेच्या पुस्तकातून.