वर्गवारी यंत्राने करावी, वर्ग माणसाने ठरवावा

विकिपीडियावरील वर्गांचे काम एआय एजंटकडे सोपवून मोकळे व्हावे, असे मत हल्ली हिरिरीने मांडले जाते. त्यामागचा युक्तिवाद असा: पान वाचायचे आणि तळाशी योग्य तो वर्ग लिहायचा, यात विद्वत्ता कसली? मराठी विकिपीडिया २००३पासून मूठभर स्वयंसेवकांच्या बळावर चालला आहे. त्यांनी लेख लिहावेत, कारकुनी यंत्राने उरकावी. माणसाला महिना लागेल ते एजंट एका रात्रीत करील.

या युक्तिवादाचा पायाच चुकीचा आहे. पानाखाली लिहिलेला वर्ग हे त्या विषयाबद्दलचे विधान असते आणि विधान खरे किंवा खोटे असते. रायगडच्या किनाऱ्यावरची चार पाने घेतली तरी हे पटेल.

मुरूडजवळचा जंजिरा घ्या. या किल्ल्यावरच्या कोणत्याही लेखात शिवाजी महाराज, संभाजी महाराज, आरमार, वेढा हे शब्द वारंवार येणारच. शब्दांच्या सान्निध्यावरून अंदाज बांधणारे यंत्र त्याला ‘मराठ्यांचे किल्ले’ या वर्गात टाकण्याचा संभव मोठा. पण जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही. तिथल्या सिद्दी शासकांचे संस्थान १९४८मध्ये विलीन होईपर्यंत तो त्यांचाच राहिला. त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी समोरच्या कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. दोन्ही किल्ले एकाच वर्गात गेले, की ज्या झुंजीमुळे पद्मदुर्ग जन्मला ती झुंजच पुसली जाते. थळसमोरच्या खांदेरी-उंदेरीचेही तेच. खांदेरी महाराजांनी १६७९मध्ये बांधायला घेतली आणि तिला तोंड देण्यासाठी सिद्दीने शेजारची उंदेरी बळकट केली. २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे, उंदेरी नाही. बेटे शेजारी असली तरी त्यांचे वर्ग वेगळेच राहिले पाहिजेत.

घारापुरीची लेणी तर १९८७पासूनच जागतिक वारसा आहेत. लाँच मुंबईच्या गेटवेहून सुटते, म्हणून अनेक जण ही लेणी मुंबईची समजतात. बेट मात्र रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात येते. ‘कुलाबा’ या नावाची गुंतागुंत त्याहून मोठी. अलिबागच्या समुद्रातला किल्ला कुलाबा, १९८१पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा, आणि मुंबईचे दक्षिण टोकही कुलाबा. त्यात मुंबईच्या कुलाब्यात होणारी भूचुंबकीय निरीक्षणे विजेच्या ट्रामांचा अडथळा नको म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी अलिबागला हलवली गेली. त्या वेधशाळेच्या पानाला कोणता वर्ग लावायचा, हे नाव वाचून कळत नाही, काळ पाहावा लागतो. तसेच श्रीवर्धन आज रायगडात असले, तरी संस्थानी काळात जंजिरा संस्थानात होते, आणि १८८३च्या गॅझेटियरचा खंडही ‘कुलाबा आणि जंजिरा’ अशा जोडनावाने निघाला. नावांतला आणि काळातला हा भेद न जाणता लावलेला वर्ग निखालस खोटा ठरेल.

यावर उत्तर मिळते, की विकीवर काहीही उलटवता येते. येते, पण कोणाच्या लक्षात आले तर! लेखसंख्येत इंग्रजीच्या पाठोपाठ असलेल्या सेबुआनो विकिपीडियावर लक्षावधी लेख एका बॉटने लिहिले. ते तपासायला तेवढी माणसे त्या भाषेत नाहीत. मराठीतही हात कमीच आहेत. शिवाय चुकीचा वर्ग पानावर पडून राहत नाही. शोधयंत्रे तो वाचतात, इतर संकेतस्थळे उचलतात, उद्याची एआय प्रारूपे त्यावरच शिकतात, आणि आजची चूक उद्या पुरावा म्हणून परत येते.

मग यंत्राला हद्दपारच करा, असे म्हणणारा दुसरा पक्ष आहे. त्याचेही मला मान्य नाही. वर्गाचे पान नव्या नावाने हलवले, तरी त्यातले लेख जुन्याच वर्गात राहतात. प्रत्येक पान उघडून ओळ बदलावी लागते. कोणी ‘मुरूड’ लिहितो, कोणी ‘मुरुड’, आणि एकाच गावाचे दोन वर्ग होतात. साच्यातून (टेम्प्लेटमधून) आलेला वर्ग पानाच्या मजकुरात सापडतच नाही, तो साच्यातच सुधारावा लागतो. असल्या कामात जाणत्या संपादकाची संध्याकाळ खर्ची घालणे हा शुद्ध अपव्यय आहे. सांगकाम्ये, म्हणजे बॉट, वर्षानुवर्षे मराठी विकीवर राबत आले, पण सांगितलेला शब्द बदलण्यापलीकडे त्यांची धाव नव्हती. एजंट लेख वाचतो आणि ‘हे बेट उरण तालुक्यात आहे’ हे वाक्य नेमके काढून दाखवू शकतो. ही क्षमता नाकारणे म्हणजे भाषेचेच नुकसान करणे होय.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एजंट वापरावा, पण तीन अटींवर. पहिली, असलेल्या वर्गात पान घालण्यापुरतीच त्याला मुभा असावी. नवा वर्ग, विलीनीकरण किंवा नामांतर आधी चावडीवर, म्हणजे विकीच्या सामायिक चर्चापानावर, चर्चेला यावे. दुसरी, प्रत्येक बदलाच्या संपादन सारांशात लेखातले आधारवाक्य हवे, आणि त्या वाक्याला संदर्भ हवा. वाक्य नाही, तर वर्ग नाही. तिसरी, एजंटचे खाते वेगळे व उघड असावे, त्याने थोड्या पानांची तुकडी घ्यावी आणि त्या भागाची माहिती असलेल्या संपादकाने ती तपासल्यावरच पुढची हाती घ्यावी. सत्ता कोणाची होती, माणसाचा धर्म वा जात कोणती, अशा वर्गांत तर एजंटने चर्चापानावर सूचना करून थांबावे.

यामुळे वेग मंदावेल, अशी तक्रार होईल. मंदावू द्या. पाने हलवण्याचे कष्ट यंत्राने उचललेलेच असतील. उरेल ते निर्णयाचे काम, आणि ज्ञानकोशात निर्णयाला वेळ लागलाच पाहिजे. त्यासाठी अलिबाग, मुरूड, उरण, श्रीवर्धनच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे शिक्षक आणि विद्यार्थी संपादक म्हणून पुढे यायला हवेत. आपल्या तालुक्याची पाने तपासण्याची जबाबदारी त्यांनी उचलली, तर एजंट त्यांच्या हाताखाली उत्तम काम करील. ती कोणीच उचलली नाही, तर या किनाऱ्याचा इतिहास कोणत्या कप्प्यात बसवायचा हे तो किनारा ठाऊक नसलेले यंत्र ठरवील, आणि त्याचा दोष यंत्राला देता येणार नाही.